त्यागाची पावती

दशलक्षण पर्वात आठव्या दिवशी उत्तम त्याग येतो आणि नवव्या दिवशी उत्तम आकिंचन्य. सोडावं कसं, किती सोडावं, सोडताना मनात काय असावं, यावर दरवर्षी आपण तास-तास प्रवचन ऐकतो. पण एका गोष्टीवर फारसं कुणी बोलत नाही. एकानं सोडलेलं दुसऱ्या कुणाच्या तरी हातात पडतं. ज्याच्या हातात ते पडलं, त्याच्यावर काही जबाबदारी येते की नाही?

हा प्रश्न माझ्या मनात पक्का बसला तो आपल्या पुराणातल्या एखाद्या राजाच्या कथेमुळं नव्हे. बसला तो बेल्जियम देशातल्या एका कॅथलिक ननच्या कथेमुळं. आपल्या बेळगावात, गोव्यात कॉन्व्हेंटच्या सिस्टर आपण लहानपणापासून बघत आलोय, त्यामुळं ही बाई डोळ्यांपुढं आणायला आपल्याला जड जाणार नाही.

तिचं नाव जानीन डेकर्स. जन्म १७ ऑक्टोबर १९३३ चा, ब्रुसेल्स शहरातल्या लाकन भागात. वडिलांचं केक-मिठाईचं दुकान होतं. १९५९ साली, पंचविशीत, ती वॉटर्लूजवळच्या फिशेरमों इथल्या डोमिनिकन सिस्टरांच्या मठात दाखल झाली. आपल्याकडं आर्यिकादीक्षा झाली की घरचं नाव सुटतं आणि नवं नाव मिळतं, तसंच तिथंही. जानीनची सिस्टर ल्यूक-गाब्रिएल झाली. दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन ही तिथली तीन व्रतं. दारिद्र्याचं व्रत म्हणजे आपल्या अपरिग्रहाच्या अगदी शेजारचं. स्वतःचं म्हणून काही ठेवायचं नाही, जे येईल ते मठाचं.

पण एक गोष्ट तिनं बरोबर नेली होती, गिटार. ती स्वतः गाणी रचायची, चाल लावायची आणि गायची. मठात येणाऱ्या मुलींना ती गाणी इतकी आवडली, की येणाऱ्या-जाणाऱ्यांना घरी नेता यावी म्हणून त्यांची एक रेकॉर्ड काढावी असं ठरलं. फिलिप्स कंपनीनं ती काढली. कंपनीनं तिला आणखी एक नाव दिलं, ‘सोर सुरीर’, म्हणजे हसऱ्या चेहऱ्याची सिस्टर.

त्यातलं ‘दोमिनिक’ नावाचं गाणं जगभर गेलं. त्यांच्या पंथाचे संस्थापक संत डॉमिनिक यांच्यावरचं ते गाणं. हे संत तेराव्या शतकातले, १२२१ साली वारलेले. गावोगाव पायी हिंडणारे, भिक्षेवर राहणारे आणि धर्म सांगणारे. गाण्याची चाल इतकी सोपी की फ्रेंच न कळणारं पोरही दोनदा ऐकून गुणगुणेल. डिसेंबर १९६३ मध्ये हे फ्रेंच गाणं अमेरिकेत विक्रीच्या यादीत सलग चार आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं. त्याच काळात तिची सगळ्या गाण्यांची रेकॉर्डही पहिल्या क्रमांकावर होती. राष्ट्राध्यक्ष केनेडी यांचा खून होऊन जेमतेम पंधरा दिवस झाले होते. दुःखात बुडालेल्या त्या देशाला एका ननचा साधा आवाज जवळचा वाटला असणार. पुढच्या वर्षी तिला ग्रॅमी पुरस्कार मिळाला. ५ जानेवारी १९६४ ला अमेरिकेतल्या एड सलिव्हन यांच्या फार गाजलेल्या टेलिव्हिजन कार्यक्रमात ती दिसली आणि १९६६ साली हॉलिवूडनं तिच्यावर सिनेमाही काढला. डेबी रेनॉल्ड्सनं त्यात ननचं काम केलं. तिच्या खऱ्या आयुष्याशी त्याचा फारसा मेळ नव्हता.

आता पैशाकडं येऊ. भिक्षेवर जगणाऱ्या संताच्या गाण्यानं अमाप पैसा मिळवला. त्यातला मोठा वाटा कंपनी आणि निर्माता यांच्याकडं गेला. उरलेला मठाकडं गेला, तोही निदान एक लाख डॉलर होता असं सांगतात. तिच्याकडं काही आलं नाही. येणारही नव्हतं, कारण तिचं व्रतच तसं होतं. इथवर तक्रार करण्यासारखं मला काही दिसत नाही. व्रत तिनं राजीखुशीनं घेतलं होतं आणि ते पाळलं होतं.

१९६६ साली तिनं मठ सोडला. वरिष्ठांशी मतभेद वाढत गेले होते. तो काळही कॅथलिक चर्चमध्ये मोठ्या घुसळणीचा होता. व्हॅटिकनची दुसरी धर्मपरिषद नुकतीच संपली होती आणि काय बदलायचं, काय तसंच ठेवायचं यावर सगळीकडं वाद चालू होते. मठ सोडला तरी तिनं श्रद्धा सोडली नाही. ती देवाचीच गाणी रचत राहिली. पण ‘सोर सुरीर’ हे नाव तिला वापरता येईना, करारात ते तिचं नव्हतं. म्हणून तिनं ‘ल्यूक दोमिनिक’ असं आणखी एक नाव घेतलं. या नावाला कुणी ओळखत नव्हतं. १९६७ साली तिनं संततिनियमनाच्या गोळीबद्दल देवाचे आभार मानणारं गाणं काढलं. बायकांच्या बाजूनं, श्रद्धा न सोडता, एका धर्मनिष्ठ बाईनं उघड काही म्हणावं याचं मला आजही नवल वाटतं. पुढच्याच वर्षी पोप पॉल सहावे यांनी कृत्रिम संततिनियमनाला चर्चची मनाई कायम ठेवली. ते गाणं चाललं नाही. त्यानंतरची गाणीही चालली नाहीत.

आनी पेशे नावाच्या मैत्रिणीबरोबर ती राहत होती. दोघींनी स्वमग्न मुलांसाठी एक शाळा सुरू केली. त्यांच्या नात्याबद्दल लोकांनी भरपूर बोलून घेतलंय, त्यात मला भर घालायची नाही. सगळं जग पाठ फिरवत असताना एक माणूस शेवटपर्यंत बरोबर राहिलं, एवढं मला पुरे आहे.

आणि मग, सत्तरच्या दशकाच्या शेवटी, बेल्जियमच्या कर खात्यानं तिच्याकडं थकलेला कर मागितला. सुमारे ६३,००० डॉलर. कशावरचा कर? त्या गाण्याच्या उत्पन्नावरचा. तिनं सांगितलं, तो पैसा मी घेतलाच नाही, तो मठाला गेला. खात्यानं विचारलं, पावत्या आहेत?

पावत्या नव्हत्या. दारिद्र्याचं व्रत घेतलेली बाई कशाच्या पावत्या ठेवणार?

१९८२ साली, पन्नाशीला टेकलेली असताना, तिनं तेच ‘दोमिनिक’ नव्या जमान्याच्या डिस्को ठेक्यावर पुन्हा गाऊन बघितलं. कर्ज फिटेल एवढं काही त्यातून आलं नाही. २९ मार्च १९८५ ला वाव्र गावातल्या राहत्या घरी तिनं आणि आनीनं आपलं आयुष्य संपवलं. मागं ठेवलेल्या चिठ्ठीत पैशाच्या अडचणींचा उल्लेख होता. तिचं वय ५१ होतं. दोघींना एकाच ठिकाणी पुरलं.

आमच्या स्वाध्याय मंडळात मी ही कथा सांगितली, तेव्हा सगळ्यांत वडीलधाऱ्या अक्का म्हणाल्या, “पावती मागितली की तो त्याग कसला गं? सोडलं म्हणजे सोडलं. मागं वळून बघायचंच नाही.”

अक्कांचं म्हणणं झटकून टाकण्यासारखं नाही. तत्त्वार्थसूत्रात उमास्वामींनी परिग्रह म्हणजे वस्तू असं म्हटलेलं नाही, परिग्रह म्हणजे वस्तूत गुंतलेलं मन असं म्हटलंय. पावतीत मन गुंतलं तर पावतीही परिग्रहच. दिलेल्या दानाची आठवण काढत बसणारा माणूस दिलेलं मनातल्या मनात परतच घेत असतो, हे मलाही पटतं.

पण जरा बघा, जानीननं तरी काय केलं? अक्का म्हणतात तेच केलं की. पैसा कुठं गेला, किती गेला, विचारलं नाही. लिहून ठेवलं नाही. मागं वळून बघितलं नाही. त्याग जितका निर्मळ, तितकी ती कायद्यापुढं उघडी पडली. थोडी कमी निर्लोभ असती आणि एका वहीत चार आकडे टिपून ठेवले असते, तर कदाचित वाचली असती. म्हणजे व्रत नीट पाळण्याची शिक्षा तिला झाली. असं होत असेल तर दोष त्यागाचा तरी असला पाहिजे, नाहीतर त्यागाच्या भोवती उभ्या असलेल्या माणसांचा. मला तो दुसऱ्या जागी दिसतो.

आपल्या धर्मात त्याग एकट्याचा कधीच नसतो. दिगंबर मुनिमहाराजांकडं पिंछी आणि कमंडलू यांखेरीज काही नसतं. आर्यिका माताजींकडं एक पांढरी साडी. पण सकाळी आहाराला निघाले की दारोदार श्रावक-श्राविका सोवळ्यात, हातात कलश घेऊन पडगाहायला उभे असतात. शुद्ध पाणी, शुद्ध अन्न, कोणाला काय चालत नाही, आजारपणात काय द्यायचं, सगळं आपण बघतो. महाराजांची ओंजळ रिकामी राहू शकते, कारण आपल्या घरात कुणीतरी हिशेब ठेवलेला असतो. म्हणून तर संघ चतुर्विध आहे. मुनी, आर्यिका, श्रावक, श्राविका. दोघांनी सोडायचं आणि दोघांनी सांभाळायचं.

हिशेब म्हणजे आसक्ती, हेही आपल्याकडं खरं नाही. गृहस्थाचं पाचवं अणुव्रत कोणतं? परिग्रह-परिमाण. जमीन किती, सोनं किती, धान्य किती, मोजून मर्यादा घालायची. मोजल्याशिवाय हे व्रत घेताच येत नाही. प्रतिक्रमणात आपण दिवसभराच्या दोषांचा हिशेबच तर मांडतो. आपला धर्म मोजणाऱ्यांचा आहे. फक्त कुणी मोजायचं हे त्यानं नीट ठरवून दिलंय. ज्यानं सगळं सोडलं त्यानं मोजायचं नाही. ज्यानं घेतलं त्यानं मोजायचं.

त्या मठातल्या सिस्टर वाईट होत्या असं मला अजिबात म्हणायचं नाही. त्याही दारिद्र्याचं व्रत घेतलेल्या. तो पैसा कुणा एकीच्या पिशवीत गेला नाही. कर खात्यातला माणूस तरी काय करणार? त्याच्यापुढं कागद होता, त्या कागदावर तिचं नाव होतं. कंपनीनं कराराप्रमाणं केलं. म्हणजे बघायला गेलं तर यात चोर कुणीच नाही. तरीही एक बाई संपली. मला यातलं सगळ्यांत अवघड हेच वाटतं. वाईट माणूस असता तर त्याच्यावर रागावून आपण मोकळ्या झालो असतो. इथं प्रत्येकानं आपापला वाटा घेतला आणि तिच्या बाजूनं चार ओळी लिहून ठेवण्याचं काम कुणाचंच नव्हतं.

आता हे सगळं बेल्जियमला तसंच ठेवून आपल्या घरात या. आपल्या समाजात शेतकरी आहेत, व्यापारी आहेत. व्यापाऱ्याच्या घरात रोजकीर्द आणि खतावणी किती चोख असते ते मी माहेरी बघितलंय. एका पोत्याची हमालीसुद्धा लिहिल्याशिवाय राहत नाही. त्याच घरातल्या थोरल्या सुनेच्या पाटल्या दुकानाच्या अडीअडचणीत मोडल्या जातात. ती हसत हसत देते. सगळे तिच्या मनाच्या मोठेपणाचं कौतुक करतात. पण त्या दिवशीच्या रोजकीर्दीत तिच्या नावानं रक्कम जमा होते का? पुढं वीस वर्षांनी भावाभावांच्या वाटण्या होतात, तोवर तिचा नवरा गेलेला असतो. तेव्हा ‘पाटल्या दिल्या होत्या’ असं ती म्हणाली, तर ‘त्याला काही पुरावा?’ असं विचारणारी माणसं परकी नसतात हो. अशा बायका प्रत्येकीच्या माहितीत दोन-तीन तरी निघतील. पावत्या मागणारं कर खातं प्रत्येक गावात असतं, फक्त त्याच्यावर पाटी नसते.

उलट बाजूही बघा. मंदिरात बोली बोलून अभिषेकाचा मान घेणाऱ्याला लगेच पावती मिळते. फरशीला पैसे देणाऱ्याचं नाव फरशीवर कोरलं जातं. यात वाईट काही नाही, संस्थेचा कारभार चोख असावाच. पण मिळवलेल्यातला थोडा भाग देणाऱ्याला पावती आणि सगळंच देऊन टाकणारीला नुसतं कौतुक, हा न्याय कसा?

आणखी एक गोष्ट, जी आपल्या बायकांच्या बैठकीत दबक्या आवाजात बोलली जाते. मुलगी ब्रह्मचर्यव्रत घेऊन संघात गेली की आपण मिरवणूक काढतो. बँड लावतो, ओटी भरतो, तिच्या आईवडिलांचा सत्कार करतो. तिच्या जाण्यानं घराण्याचं नाव होतं, गावाचं नाव होतं. हे आपण तिच्याकडून घेतलेलंच की. आणि तीच मुलगी काही वर्षांनी परत आली तर? प्रकृती साथ देत नाही, मन लागत नाही, वरच्यांशी पटत नाही, कारण काहीही असो. तेव्हा मिरवणुकीतले किती जण दारात उभे असतात? शिक्षण अर्धं राहिलेलं, हातात पैसा नाही, नाव बदललेलं, वय निघून गेलेलं. जानीन ३२-३३ वर्षांची असताना बाहेर पडली, तेव्हा ज्या नावावर जगानं प्रेम केलं ते नावसुद्धा तिला बरोबर नेता आलं नाही. परत येणारीनं बरं केलं की वाईट, हा तिच्या आत्म्याचा प्रश्न. तिला आपण काय दिलं, हा आपल्या आत्म्याचा.

तिच्या शेवटाबद्दल आमच्या मंडळात एकीनं विचारलं, आपल्याकडंही सल्लेखना आहेच ना, मग फरक काय? फरक मोठा आहे आणि तो नीट समजून घ्यायला हवा. सल्लेखना शांत मनानं, भय नसताना, सगळ्यांची क्षमा मागून, गुरूंच्या संमतीनं घ्यायची असते. त्या मनात जगण्याचा लोभ नसतो, तसा लवकर सुटण्याचा लोभही नसतो. कर्जाला घाबरून, थकून, दार बंद करून गेलेल्या माणसाचं मन तसं नसतं. तो त्याग नव्हे, ती हाक असते आणि ती वेळेवर ऐकायची असते. तिचा न्याय करण्याचा अधिकार मला नाही. पण भीती तिच्या घरात वर्षानुवर्षं राहत होती, आणि ती एका माणसालाही घालवता आली नाही, याचं मला वाईट वाटतं.

आपण दान चार प्रकारचं मानतो. आहारदान, औषधदान, ज्ञानदान आणि अभयदान. अभयदान म्हटलं की आपल्याला कसायाकडून सोडवलेली गाय आठवते, पांजरपोळ आठवतो. ते आहेच. पण ज्या माणसानं आपल्यासाठी सगळं सोडलं, त्याला उद्याची भीती राहू नये अशी व्यवस्था करणं, हेही अभयदानच. मठाला, कंपनीला, तिचं गाणं गुणगुणणाऱ्या लाखो लोकांना तिच्याकडून आनंद मिळाला होता, काहींना पैसाही मिळाला होता. तिला फक्त अभय हवं होतं. ‘हा पैसा आम्ही घेतला, तिनं नाही’, एवढं लिहून ठेवलेलं कुणाकडं तरी असायला हवं होतं.

म्हणून अक्कांना मी एवढंच म्हटलं, “अक्का, देणारीनं पावती मागू नये हे खरं. पण घेणाऱ्यानं ती न मागता द्यावी.” अक्का थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, “आमच्या सासूबाईंनी विहिरीसाठी बोरमाळ दिली होती बघ. आमच्या घरात आता कुणालाच ठाऊक नाही.” मंडळातल्या एकीनं लगेच वहीचं कोरं पान काढलं आणि अक्कांना सासूबाईंचं पूर्ण नाव विचारलं. त्यानंतर प्रत्येकीला कुणी ना कुणी आठवत गेलं. त्या दिवशी स्वाध्यायाचं पुस्तक उघडायचं राहून गेलं, पण नावांनी दीड पान भरलं.